रद्द प्रमाणपत्रांची सूची : खासगी प्रमाणन व्यवस्थेतील एक दुर्लक्षित कर्तव्य

अधिकार देणे जितके सोपे, तितके तो परत घेणे सोपे नसते. जमिनीच्या व्यवहारासाठी एखाद्या गृहस्थाने आपल्या नातलगास मुखत्यारपत्र करून दिले आणि पुढे काही कारणाने ते रद्द केले, तरी तेवढ्याने काम संपत नाही. मुखत्यारपत्राचा कागद त्या नातलगाच्या हाती राहिलेला असतो आणि तो पाहून व्यवहार करणाऱ्या तिऱ्हाइतास ते रद्द झाल्याची गंधवार्ताही नसते. म्हणूनच वृत्तपत्रात जाहीर सूचना देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम २०८ मध्येही हेच तत्त्व सांगितले आहे. मुखत्याराचा अधिकार संपुष्टात आल्याची गोष्ट तिऱ्हाइतास कळेपर्यंत त्याच्यापुरती ती अमलात येत नाही.

संगणकाच्या व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांनाही हा नियम तंतोतंत लागू पडतो. प्रमाणपत्र रद्द करणे ही एक गोष्ट आणि ते रद्द झाल्याचे तपासणाऱ्यास वेळेवर कळणे ही दुसरी गोष्ट होय. या दुसऱ्या गोष्टीसाठी जी व्यवस्था करावी लागते, तिला रद्द प्रमाणपत्रांची सूची किंवा संक्षेपाने सी.आर.एल. असे म्हणतात. स्वतःची प्रमाणन यंत्रणा चालविणाऱ्या संस्थांत ही सूची बहुधा सर्वांत शेवटी आठवते. वस्तुतः तिचा विचार पहिले प्रमाणपत्र देण्यापूर्वी व्हावयास हवा. तो का व कसा करावा, याचे विवेचन येथे केले आहे.

खासगी प्रमाणन यंत्रणा म्हणजे काय?

डिजिटल प्रमाणपत्र हे एक ओळखपत्र होय. त्यात धारकाचे नाव, त्याची जाहीर किल्ली, मुदत, प्रमाणपत्राचा अनुक्रमांक आणि ते देणाऱ्या प्राधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असते. जाहीर किल्लीची जोडीदार असलेली गुप्त किल्ली मात्र केवळ धारकाजवळ राहते. या प्रमाणपत्रांचा नमुना १९८८ साली एक्स. ५०९ या आंतरराष्ट्रीय मानकाने घालून दिला.

कायद्याच्या दृष्टीने मान्य असलेली डिजिटल स्वाक्षरी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये परवाना मिळालेल्या प्रमाणन प्राधिकाऱ्याकडूनच घ्यावी लागते. हा अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. परंतु एखाद्या संस्थेस केवळ आपल्या घरच्या कामापुरते, म्हणजे आपल्या शाखा, संगणक व कर्मचारी एकमेकांस ओळखू शकतील एवढ्यापुरते, स्वतःच प्रमाणपत्रे देता येतात. अशा संस्थांतर्गत व्यवस्थेस खासगी प्रमाणन प्राधिकारी म्हणतात. ओपन-एस-एस-एल यासारख्या विनामूल्य प्रणालीच्या साहाय्याने एका साध्या संगणकावरही तो उभा करता येतो.

विषय सुलभ व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तालुक्याच्या ठिकाणी एक सहकारी पतसंस्था असून तिच्या १२ शाखा आहेत, असे समजावे. प्रत्येक शाखेतील दोन संगणकांना मिळून २४ प्रमाणपत्रे दिलेली आहेत. मुख्य कचेरीतील सर्व्हर प्रमाणपत्र पाहूनच शाखेस खातेवह्या उघडून देतो. शुक्रवारी सायंकाळी एका शाखाधिकाऱ्याचा लॅपटॉप बसस्थानकावरून चोरीस जातो. त्यातील प्रमाणपत्राची मुदत संपावयास अद्याप १४ महिने आहेत. ठेवीदारांच्या पैशाचे रक्षण त्या क्षणी एकाच प्रश्नावर अवलंबून असते : हे प्रमाणपत्र आता चालणार नाही, ही वार्ता सर्व्हरपर्यंत किती वेळात पोहोचेल?

सूचीचे स्वरूप

ही सूची म्हणजे प्राधिकाऱ्याने स्वाक्षरी केलेले एक छोटे जाहीर पत्रक होय. त्यावर सूची काढणाऱ्याचे नाव, ती काढल्याची वेळ, पुढील सूची कोणत्या वेळेपर्यंत निघेल ती वेळ आणि सूचीचा चढता क्रमांक असतो. त्याखाली रद्द केलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राचा अनुक्रमांक, रद्द केल्याची तारीख आणि इच्छेनुसार कारण नोंदविले जाते. धारकाचे नाव सूचीत नसते, केवळ अनुक्रमांक असतो. इंटरनेटवरील वापरासाठी या रचनेचे नियम २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आर.एफ.सी. ५२८० या दस्तऐवजात दिलेले आहेत.

सूचीवर प्राधिकाऱ्याची स्वाक्षरी असल्यामुळे ती कोठूनही आणली तरी तिच्यात कोणी फेरफार केला आहे काय, हे तपासता येते. मात्र यासाठी प्राधिकाऱ्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्रात ‘सूचीवर स्वाक्षरी करण्याचा अधिकार’ ही नोंद असावी लागते. प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार नोंदविला आणि सूचीचा विसरला, तर नंतर काढलेली प्रत्येक सूची काटेकोर तपासणीत नाकारली जाते.

२००१ सालचा धडा

या विषयातील सर्वांत बोधप्रद घटना २००१ साली अमेरिकेत घडली. त्या वर्षी २९ व ३० जानेवारी रोजी व्हेरीसाइन या प्रमाणन संस्थेने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या नावाची दोन प्रमाणपत्रे एका तोतयास दिली. आपण त्या कंपनीचे कर्मचारी आहोत, अशी बतावणी त्याने केली होती. त्या प्रमाणपत्रांच्या बळावर कोणतीही घातक आज्ञावली मायक्रोसॉफ्टच्या नावावर खपविणे शक्य होते.

चूक लक्षात आल्यावर व्हेरीसाइनने दोन्ही प्रमाणपत्रे रद्द केली आणि आपल्या सूचीत त्यांची नोंदही केली. तरीसुद्धा धोका टळला नाही. कारण त्या प्रकारच्या प्रमाणपत्रांत सूची कोठे मिळेल याचा पत्ताच लिहिलेला नव्हता. सूची होती, नोंद होती, पण तपासणाऱ्या संगणकास ती शोधता येत नव्हती. अखेर मार्च २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टला या दोन प्रमाणपत्रांसाठी विंडोज प्रणालीत स्वतंत्र दुरुस्ती प्रसृत करावी लागली. खासगी यंत्रणा उभारणाऱ्याने पाळावयाचा पहिला नियम या घटनेतून आपोआप निघतो.

पहिली व्यवस्था : पत्ता

सूची जेथे मिळेल तो पत्ता प्रत्येक प्रमाणपत्रात ते देतानाच लिहिलेला असला पाहिजे. एकदा स्वाक्षरी झालेल्या प्रमाणपत्रात मागाहून एक अक्षरही घालता येत नाही. पत्ता राहून गेला तर प्रमाणपत्र नव्याने देणे किंवा प्रत्येक तपासणाऱ्या सर्व्हरवर सूची हाताने नेऊन ठेवणे, एवढेच मार्ग उरतात.

पत्ता निवडताना दूरदृष्टी हवी. आज ज्या संगणकावर सूची ठेवली आहे त्याचे नाव पत्त्यात घालू नये, कारण तो संगणक पाच वर्षांनी नसेल. केवळ सूचीसाठी एक स्वतंत्र नाव राखून ठेवावे. मागील यंत्र बदलले तरी ते नाव बदलू नये. ज्या ज्या ठिकाणाहून तपासणी होणार, त्या सर्व ठिकाणांहून हा पत्ता उघडला पाहिजे. मुख्य कचेरीत उघडणारा पत्ता शाखेत उघडेलच असे नाही.

सूचीचा पत्ता साध्या एच.टी.टी.पी. स्वरूपाचा असावा, सुरक्षित एच.टी.टी.पी.एस. नव्हे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु सुरक्षित पत्ता उघडण्यासाठी त्या स्थळाचे प्रमाणपत्र तपासावे लागते आणि ते तपासण्यासाठी पुन्हा सूची लागते. अशा रीतीने कुलपाची किल्ली पेटीत आणि पेटीला तेच कुलूप, अशी गत होते. सूचीवर स्वाक्षरी असल्याने साध्या मार्गाने आणण्यात फसवणुकीचे भय नसते. सूची प्रसिद्ध करताना ती डी.ई.आर. या द्विमान स्वरूपात ठेवावी. ओपन-एस-एस-एल स्वतःहून ती पी.ई.एम. या मजकूर स्वरूपात काढते. तशीच ठेवून दिल्यास अनेक प्रणालींना ती वाचता येत नाही.

दुसरी व्यवस्था : मुदत

सूचीवरील ‘पुढील सूचीची वेळ’ हा या संपूर्ण रचनेचा कणा होय. ती वेळ उलटेपर्यंत तपासणारा संगणक हाती असलेली जुनीच सूची वापरत राहू शकतो. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. पतसंस्थेने दर २४ तासांनी नवी सूची काढली, परंतु प्रत्येक सूचीची मुदत ७२ तासांची ठेवली, तर चोरीची वार्ता पोहोचावयास अधिकात अधिक २४ तास लागतील असे वाटते. प्रत्यक्षात चोरीपूर्वी क्षणभर आधी काढलेली सूची कोणी आणून ठेवली असेल, तर ती ७२ तासांपर्यंत चालू शकते. धोक्याचा काळ मुदतीवरून मोजावा, सूची काढण्याच्या वारंवारतेवरून नव्हे.

मग मुदत अगदी थोडी ठेवावी काय? त्यातही धोका आहे. मुदत संपली आणि नवी सूची आली नाही, तर काटेकोर सर्व्हर सर्वच प्रमाणपत्रे नाकारतो. चोराबरोबर बाराही शाखा दाराबाहेर राहतात. चवथीच्या सुट्टीत कचेरी बंद असते, पावसाळ्यात वीज जाते, वादळवाऱ्यात तारा तुटतात. सूची काढणारे यंत्र दोन दिवस बंद पडले तरी काम चालू राहावे, एवढे अंतर वारंवारता व मुदत यांमध्ये ठेवणे शहाणपणाचे ठरते. ओपन-एस-एस-एलच्या नमुना संरचनेत ही मुदत ३० दिवसांची दिलेली असते. ती न बदलता तशीच ठेवणे म्हणजे चोरास महिनाभराची सवलत देण्यासारखे आहे.

या पेचातून सुटण्याची एक सोय खासगी यंत्रणेला लाभलेली आहे. येथे तपासणारा सर्व्हरही संस्थेचाच असतो. मुदत संपण्याची वाट न पाहता दर तासाला नवी सूची आणण्याची आज्ञा त्याला देता येते. सूचीची मुदत तीन दिवसांची, ती काढणे रोजचे, आणणे तासातासाने आणि एखादे प्रमाणपत्र रद्द होताच तत्काळ विशेष सूची काढणे, ही मांडणी लहान संस्थेस पुरेशी ठरावी. शुक्रवारी सायंकाळची चोरी कळविल्यापासून तासाभरात निष्प्रभ होते आणि सुट्टीचे दोन दिवसही निर्विघ्न जातात.

वेळेसंबंधी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सूचीवरील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. शिवाय एखाद्या शाखेतील संगणकाचे घड्याळच चुकीचे असेल, तर ताजी सूचीही त्यास ‘अद्याप लागू न झालेली’ किंवा ‘मुदत संपलेली’ भासते. सर्व संगणकांची घड्याळे आपोआप जुळती राहतील अशी तजवीज करावी.

तिसरी व्यवस्था : नोंदवही

प्रमाणन यंत्रणेचे खरे दप्तर म्हणजे तिची नोंदवही. ओपन-एस-एस-एलच्या नोंदवहीत दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची एक ओळ असते. चालू प्रमाणपत्राच्या ओळीपुढे व्ही, रद्द केलेल्यापुढे आर आणि मुदत संपल्याची नोंद झालेल्यापुढे ई हे अक्षर असते. सूची या नोंदवहीवरूनच तयार होते. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार नोंदला गेला नाही तर उताऱ्यावर जुनेच नाव येणार, तद्वत नोंदवहीत रद्द म्हणून नोंद न झालेले प्रमाणपत्र सूचीत येत नाही. नोंदवही, अनुक्रमांकाची नोंद आणि सूची क्रमांकाची नोंद या तिन्हींची प्रत रोज अन्यत्र सुरक्षित ठेवावी.

नोंदवही हरपली वा अपुरी राहिली तर काय होते, हे २०११ साली नेदरलँड्समध्ये दिसून आले. डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या यंत्रणेत परक्यांनी शिरकाव करून पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रे तयार केली. त्यांत गूगलच्या नावाचेही एक होते. किती व कोणती प्रमाणपत्रे बाहेर पडली याचा पूर्ण हिशेब संस्थेस देता आला नाही. ज्याचा अनुक्रमांकच ठाऊक नाही ते रद्द कसे करणार? अखेर ब्राउझर बनविणाऱ्यांनी त्या संस्थेवरील विश्वासच काढून घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती दिवाळखोरीत निघाली.

रद्द करताना कारण नोंदविण्याची सवय ठेवावी. किल्ली परक्याच्या हाती गेली, कर्मचाऱ्याची बदली झाली, नवे प्रमाणपत्र दिल्याने जुने निरुपयोगी झाले, यंत्र कायमचे बंद केले, अशी ठराविक कारणे मानकात दिलेली आहेत. ‘तात्पुरते स्थगित’ असेही एक कारण आहे. ते नोंदविल्यास प्रमाणपत्र पुढे पुन्हा चालू करता येते. इतर कारणांनी रद्द झालेले प्रमाणपत्र मात्र परत जिवंत होत नाही. लॅपटॉप सापडला तरी जुने प्रमाणपत्र न वापरता नवे द्यावे.

चौथी व्यवस्था : तपासणारा

सूची उत्तम काढली, वेळेवर प्रसिद्ध केली, पण सर्व्हरला ती पाहण्यास सांगितलेच नाही, तर सारे व्यर्थ. अनेक सर्व्हर प्रणाली स्वतःहून सूची तपासत नाहीत. संरचनेत तशी स्पष्ट आज्ञा द्यावी लागते. एनजिनएक्ससारखे सर्व्हर सूचीची फाईल सुरू होताना किंवा संरचना पुन्हा वाचताना घेतात. नवी फाईल जागेवर ठेवली तरी पुनर्वाचनाची आज्ञा होईपर्यंत जुनीच सूची स्मरणात राहते. सूची आणणे आणि ती पुन्हा वाचावयास लावणे ही दोन्ही कामे एकाच आज्ञेत बांधावीत.

यंत्रणेत मूळ प्राधिकारी आणि त्याखाली मध्यस्थ प्राधिकारी अशी दोन पायऱ्यांची रचना असेल, तर संपूर्ण साखळी तपासणाऱ्या सर्व्हरला दोघांच्याही सूच्या लागतात. मूळ प्राधिकाऱ्याचा संगणक सुरक्षिततेसाठी जाळ्यापासून तोडून तिजोरीत ठेवलेला असतो. त्यामुळे त्याची सूची सहा महिने किंवा वर्षाच्या मुदतीने काढतात आणि नेमकी तीच विसरली जाते. तिची तारीख कचेरीच्या दिनदर्शिकेत महिनाभर आधी नोंदवावी.

मूळ प्राधिकाऱ्याच्या सूचीचे महत्त्व भारतातही एकदा दिसून आले आहे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मध्यस्थ प्रमाणपत्रांवरून गूगलच्या काही स्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. तेव्हा देशातील प्रमाणन प्राधिकाऱ्यांच्या नियंत्रकांनी ३ जुलैपर्यंत ती मध्यस्थ प्रमाणपत्रेच रद्द केली. वरची एक नोंद झाली की खालची सारी फांदी निष्प्रभ होते.

प्रमाणपत्राची स्थिती प्रत्येक वेळी प्राधिकाऱ्यास विचारण्याची ओ.सी.एस.पी. नावाची दुसरी पद्धतही १९९९ पासून मानकात आहे. तीत उत्तर ताजे मिळते. परंतु कोण कोठे जातो ही माहिती उत्तर देणाऱ्यास कळते आणि त्याचे यंत्र अहोरात्र चालू ठेवावे लागते. लेट्स एन्क्रिप्ट या जगातील मोठ्या प्रमाणन संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये ही सेवा बंद करून केवळ सूचीचा मार्ग ठेवला. काही डझन प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची सूची तर अगदी लहान असते. तिच्यासाठी सूची हाच साधा व स्वस्त उपाय होय.

माणसाचे कर्तव्य

यंत्र कितीही तत्पर असले तरी त्याला पहिली खबर माणसानेच द्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४२ ने परवानाधारक प्राधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घेणाऱ्यावर हेच कर्तव्य घातले आहे. गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी त्याने घ्यावयाची आणि ती परहस्ते गेल्यास विनाविलंब प्राधिकाऱ्यास कळवावयाचे. कळवीपर्यंतची जबाबदारी त्याच्याच शिरावर राहते. केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीतील ग्रामपंचायतीची देयके ई-ग्रामस्वराज प्रणालीतून डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. तेथील सरपंच व सचिव यांनी हे कलम विशेष ध्यानात ठेवावे. पदावरून दूर झालेल्या व्यक्तीचे टोकन टेबलाच्या खणात पडून राहणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवण्यासारखेच होय. खासगी यंत्रणेतही हाच दंडक संस्थेने आपल्या सेवानियमांत लिहून ठेवावा. रद्द करण्याचा आदेश कोणी द्यावयाचा, सुट्टीच्या दिवशी कोणास दूरध्वनी करावयाचा आणि आदेश देणारा रजेवर असल्यास त्याच्या जागी कोण, हे आधीच ठरलेले असावे.

पहिले प्रमाणपत्र देण्यापूर्वी पुढील गोष्टी पडताळून पाहाव्यात :

१. प्राधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रात सूचीवर स्वाक्षरी करण्याचा अधिकार नोंदलेला आहे.

२. नमुना प्रमाणपत्रात सूचीचा पत्ता आहे आणि तो प्रत्येक शाखेतून उघडतो.

३. सूचीची मुदत आणि ती काढण्याची वारंवारता यांत सुट्ट्या व वीजखंड भरून निघतील एवढे अंतर आहे.

४. सूचीची मुदत संपत आल्याची आगाऊ सूचना जबाबदार व्यक्तीस मिळते.

५. नोंदवहीची प्रत रोज अन्यत्र जाते.

६. एक चाचणी प्रमाणपत्र देऊन ते रद्द केले, सर्व्हरने ते प्रत्यक्ष नाकारले आणि त्यास किती मिनिटे लागली याची नोंद झाली.

या सहांतील शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या पाच गोष्टी कागदावर बरोबर असूनही रद्द प्रमाणपत्राने दार उघडत असेल, तर ती व्यवस्था अपुरीच म्हणावी लागेल. दर सहा महिन्यांनी ही चाचणी पुन्हा घ्यावी आणि लागलेला वेळ दप्तरी लिहून ठेवावा. ज्या दिवशी खरोखरीच एखादा लॅपटॉप चोरीस जाईल, त्या दिवशी व्यवस्थापक मंडळास ठेवीदारांपुढे निश्चित उत्तर देता येईल, ते या नोंदीच्या आधारावरच.